एक कोयता, दोन मुठी

पडद्यावर दोनच ओळी होत्या. वर 'अर्धा कोयता', खाली 'एक कोयता'. दगडाबाईची शाळा चौथीत सुटली होती, पण एवढं वाचायला तेवढी शाळा पुष्कळ झाली. तिनं ओळी पुन्हा एकदा वाचल्या आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "माझीच पाटी लावलीस व्हय गं ह्या डब्यावर?"

राजेश्वरी डब्याच्या मागे वाकून वायरी खोचत होती. तिला वाटलं, आई खूश झाली. ती तिथूनच म्हणाली, "मग काय. एकट्यानं खेळायचं आसंल तर वरचं दाबायचं, दोघांनी खेळायचं आसंल तर खालचं. बाकीच्या गेमात वन प्लेयर, टू प्लेयर आसतं. आपल्यात हे."

"आपल्यात हे," दगडाबाई म्हणाली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

ऊसतोडीच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. राबायला दोघं, मोजायला एक. आणि जोडीतलं एक माणूस मेलं, पळालं किंवा पहिल्यापासून नव्हतंच, तर उरलेलं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे गणित कुणा शहाण्यानं मांडलं ते कारखान्यालाही ठाऊक नसेल, पण कर्जत-जामखेडपासून पाथर्डीपर्यंत पोरासोरांना ते पाठ असतं. दगडाबाईचा नवरा वाल्मिक एका पौषात "तंबाखू घिऊन येतो" म्हणून फडातून निघाला, तो तंबाखू आणायला पार नाशकापर्यंत गेला आणि तिकडेच दुसरी चूल मांडून बसला. जाताना त्याचा कोयता मात्र ठेवून गेला. म्हणजे दगडाबाईकडे कोयते दोन झाले आणि ती स्वतः अर्धी झाली. त्यानंतर अकरा हंगाम तिनं अर्धा कोयता म्हणून काढले. राजेश्वरी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपात पॅनलच्या वायरिंगला लागली, तेव्हा कुठं ते दोन्ही कोयते घराच्या आढ्याला खोचले गेले.

डबा बन्सीचा होता. मिरजगावच्या स्टँडसमोर बन्सीचं एके काळी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कपाटाएवढे पाच डबे, प्रत्येकाला दोन मुठी आणि खाली बटणं, आणि शाळा बुडवून आलेली पोरं. मोबाईल आले तसे चार डबे भंगारात गेले. पाचवा वाचला, कारण त्याच्या डोक्यावर फरसाणाच्या बरण्या नीट बसत होत्या. राजेश्वरीनं तो उघडला तेव्हा आत उंदराचं तीन पिढ्यांचं घर निघालं. तिनं उंदरांना बाहेर काढलं, जुन्या वायरी ओरबाडल्या, पंजाएवढा एक कॉम्प्युटर आत बसवला आणि त्यात स्वतः बनवलेला खेळ घातला. दिवसा वायरी जोडायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर बघून बघून शिकायचं, असं करत तिला दीड वर्ष लागलं होतं.

खेळ असा. उसाचा फड उजवीकडून डावीकडे सरकत येतो आणि दोन बाया त्यात शिरतात. एक तांबड्या लुगड्यातली, एक हिरव्या. दोघींच्या अंगात वरून पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल. राजेश्वरीनं त्या ठिपक्याठिपक्यांनी काढल्या होत्या, दारात रांगोळी काढतात तशा. तांबडीनं कोयता मारला की उसाचं कांडकं गोळीसारखं पुढं सुटतं. तोडलेला ऊस साठला की हिरवी त्याची मोळी आवळते आणि ती मोळी फेकून मारते. समोरून येतं काय, तर हेल्मेट घातलेली रानडुकरं, मोटारसायकलवर बसलेला बिबट्या, नुसत्या आवाजानं माणूस आडवा करणारे डीजेचे भोंगे, आणि कारखान्याचा स्लिपबॉय. हा हवेत तरंगत वजनाच्या पावत्या भिरकावतो. पावती लागली की बाई जागेवर बसून ती वाचत राहते आणि तेवढ्यात डुक्कर येऊन तिला उडवतं. ज्यानं एक हंगाम तोड केली आहे तो इथं पोट धरून हसतो. ज्यानं केली नाही तो विचारतो, यात हसण्यासारखं काय आहे.

शेवटच्या फडात टोळीचा मुकादम. ऊस तोडायच्या अजस्र यंत्राच्या पायरीवर उभा राहून येतो. पांढरे बूट, काळा गॉगल, गळ्यात शिट्टी. कांडकी त्याच्यावर आपटून परत येतात, मोळीनंही त्याचं काही वाकडं होत नाही. पण अधूनमधून त्याचा मोबाईल वाजतो आणि तो खाली मान घालून बघतो. तेवढ्या क्षणात मोळी डोक्यात बसली तर बसली. अशा तीन मोळ्या बसल्या की मुकादम खाली. मोबाईलचा आवाज म्हणून राजेश्वरीनं कोंबड्याची बांग घातली होती. आता मिरजगावच्या आसपास कोंबड्याची रिंगटोन असलेला आणि बारा महिने पांढरे बूट घालणारा मुकादम एकच होता. दगडाबाईची टोळी त्याचीच होती, आणि तो जत्रा कमिटीचा अध्यक्षही होता.

बन्सीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातातली बरणी निसटता निसटता राहिली. "राजे, हे तर आबासाहेब हायेत."

"छ्या," राजेश्वरी म्हणाली. "आबासाहेबांकडं दोन मोबाईल हायेत. ह्याच्याकडं एकच हाय."

तर दगडाबाई पायरीवर बसली होती आणि तिचं डोकं तापलं होतं. परक्यानं म्हटलं तर माणूस सोसतो, पोटच्या पोरीनं पडद्यावर लिहून ठेवावं? बन्सी चहा घेऊन आला. "वहिनी," तो म्हणाला, "एकदा खेळून तर बघा. आवडला न्हाई तर बरन्या हायेतच माझ्या." चहा संपेपर्यंत तिचा राग थोडा बसला. ती आत गेली आणि सरळ 'अर्धा कोयता' दाबलं.

एकट्या खेळणाऱ्याला फक्त तांबडी मिळत होती, ती स्वतःच तोडायची आणि स्वतःच लढायची. बटणं तिच्या हाताला लगेच आली. पाच फड तिनं तासाभरात ओलांडले. सहाव्याच्या तोंडाशी पडदा थांबला आणि त्यावर अक्षरं आली: 'मुकादमाच्या फडात अर्धा कोयता चालत नाही. जोडी घेऊन या.'

"हे मातर आगदी बराबर लिवलंस," दगडाबाई म्हणाली. "आसंच बोलायचा. चांगला सरळ ऊस जोड्यांना, आन बांधाकडचा गवतातला माझ्या वाट्याला."

"म्हनूनच लिवलंय, आई." राजेश्वरी आता बिचकली होती. "तुला लागलं आसंल तर काढते मी ते. पन शेवटचा फड खरंच एकट्यानं जमत न्हाई. यंत्र मागं लागल्यालं आसतं, तांबडीनं तोडत ऱ्हायलं पायजे, आन त्याच टायमाला हिरवीनं मोळी बांधली पायजे. दोन मुठी, दोन मानसं. एका मानसाला जमूच शकत न्हाई, मी बनवलंयच तसं."

दगडाबाईच्या तोंडावर आलं होतं, मग अकरा वर्षं मी काय केलं? पण लेकीच्या डोळ्यांखाली दीड वर्षाचं जागरण दिसत होतं, म्हणून तिनं ते गिळलं. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. "काढू नको. बघू काय करायचं ते."

त्यानंतर दर रविवारी मायलेकी बन्सीच्या दुकानात खेळू लागल्या. राजेश्वरीला खेळातल्या चुका शोधायच्या होत्या आणि दगडाबाईला मुकादम पाडायचा होता. आई तांबडी, लेक हिरवी. सातव्या रविवारी मुकादम पहिल्यांदा पडला. त्या दिवशी दगडाबाईनं बन्सीच्या फरसाणावर स्वतःहून हात मारला आणि वस्तीवर परत गेल्यावर शेळ्यांना उगाचच जास्तीचा पाला घातला.

चैत्रात टोळ्या गावाला परतल्या आणि जत्रा भरली. बन्सीनं कमिटीकडून मांडवाशेजारची जागा घेतली, हातगाड्यावर घालून डबा आणि फरसाणाच्या बरण्या आणल्या आणि वर कापडी फलक बांधला. पहिल्या तासात पोरंच आली. मग पोरांच्या आया आल्या. तोडीवरून नुकत्याच उतरलेल्या बाया, हातांवरचे पाचटाचे ओरखडे अजून सुकले नव्हते. त्यांनी तांबडी आणि हिरवी पाहिली, अंगातले शर्ट पाहिले, स्लिपबॉय पाहिला, आणि त्या हसायला लागल्या ते थांबेनात. कडूबाई तर म्हणाली, "आगं, ही हिरवी मीच हाय. माझ्या शर्टाचं वरलं बटन तुटलंय, तिचंबी तुटलंय." कडूबाईही अर्धा कोयता होती. तिचा नवरा वारला होता. तिनं आणि आणखी एकीनं मिळून 'एक कोयता' दाबलं आणि पहिल्याच फडात दोघी पावत्या वाचत बसल्या.

दुपारपर्यंत पाळण्यासमोर माणूस नव्हतं आणि डब्यासमोर रांग होती. कोंबडा आरवला की रांगेतून एकच आवाज उठायचा, "आलं, आबासाहेब आलं."

आणि खरंच आबासाहेब आले. पांढरे बूट, पांढरा सदरा, मागे चार माणसं आणि पुतण्या. गर्दी फाकली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, यंत्रावरच्या ठिपक्यांच्या माणसाकडे पाहिलं आणि ते हसले. आबासाहेब हसले की तोंडच हसतं, डोळे आपलं काम करत राहतात.

"काय गं दगडाबाई," ते म्हणाले, "आमाला मारायचा खेळ काढला म्हनं पोरीनं?"

"मुकादमाला मारायचा हाय, आबासाहेब. तुमी तर कमिटीचं अध्यक्ष."

मागे कोणीतरी खुसखुसलं. आबासाहेबांचं हसू जरा आवळलं. "हे बघ. जत्रा देवाची हाय. हितं मानसांची टिंगल चालायची न्हाई. ते मुकादमाचं काढायला सांग पोरीला, न्हाईतर डबा उचला. जागा कमिटीची हाय."

राजेश्वरीचा चेहरा उतरला. बन्सी घाईघाईनं म्हणाला, "काढू, आबासाहेब, काढू. पोरीचा खेळ त्यो, आज मुकादम हाय, उद्या राक्षस घालू."

"काढायचं न्हाई," दगडाबाई म्हणाली.

हे ती मोठ्यानं बोलली नाही. पण रांगेच्या शेवटापर्यंत ते ऐकू गेलं. आबासाहेबांनी मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं, फडात एखादी मोळी सैल बांधलेली दिसली की पाहायचे तसं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "दगडाबाई, आर्ध्या कोयत्यानं मुकादमाशी भांडू नये. जोडी तर लागती."

चार माणसं हसली. पुतण्याही हसला. अकरा वर्षं हा शब्द तिनं उन्हासारखा डोक्यावर घेतला होता. आज तो तिच्या लेकीसमोर, तिच्या लेकीच्या डब्यासमोर पडला, आणि तिला कळलं की आता हा खाली उतरवल्याशिवाय आपण इथून हलणार नाही.

"भांडत न्हाई, खेळते," ती म्हणाली. "तुमच्या म्होरं खेळते. हरले तर मुकादम काढू आन डबाबी उचलू, पुना जत्रंत आननार न्हाई. जिकले तर तुमी मांडवातल्या माईकवरनं म्हनायचं, दगडाबाई, एक कोयता. कर्न्यातनं. समद्या जत्रंला."

आबासाहेबांना गंमत वाटली. ते पुतण्याकडे वळले. पुतण्या सकाळी चार वेळा खेळून चार वेळा मेला होता, त्याला खेळ ठाऊक होता. तो कानाशी काहीतरी बोलला. आबासाहेबांचे डोळे पहिल्यांदाच हसले.

"कबूल," ते म्हणाले. "पन पोरगी न्हाई खेळायची. तिनं बनवलाय, तिला चोरवाटा म्हायती. दुसरंबी कुनी न्हाई. तू एकटी खेळायचं आन मुकादमाला पाडायचं."

राजेश्वरी पुढं आली. "आसं कसं, एकट्याला त्यो फड उघडतच न्हाई." आबासाहेब हात पसरून म्हणाले, "मग? ते आमी बनवलंय का?"

आता रांगेतल्या बायांनाही पेच कळला. अर्धा कोयता दाबावा तर मुकादम भेटत नाही, एक कोयता दाबावा तर दुसरं माणूस नाही. कडूबाई पुटपुटली, "जल्मभर आसंच बांधलंय ह्यांनी." दगडाबाई मात्र डब्यासमोर गेली. तिनं पदर कमरेला खोचला, दोन्ही मुठींच्या बरोबर मध्ये उभी राहिली आणि 'एक कोयता' दाबलं. उजवा हात तांबडीच्या मुठीवर, डावा हिरवीच्या.

"आई, नको," राजेश्वरी तिच्या दंडाला धरून हळूच म्हणाली. "दीड वरीस गेलंय माझं. एकट्यानं न्हाई जमत गं, मला ठाऊक हाय. मी बनवलंय हे."

"तू बनवलंयस," दगडाबाई म्हणाली. "म्या केलंय. सोड हात."

पहिले पाच फड गेले. कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही, डुकरं मेली, बिबट्याची मोटारसायकल घसरली. बघणाऱ्यांना आश्चर्य एवढंच वाटलं की हिरवी बाई बराच वेळ नुसती बसून असते. तांबडी भराभरा तोडत पुढं जाते, मग थबकते, तेवढ्यात हिरवी उठून मोळी आवळते आणि फेकते, पुन्हा बसते. दोघी कधी एकदम हलतच नाहीत. जोडीनं खेळणारे दोघेही सारखे बटणं बडवतात. पण जी बाई अकरा वर्षं एकटी तोडत होती तिचं काम असंच चालायचं. चार घाव घाईनं पुढं काढायचे, की मागं फिरून एक मोळी बांधण्याएवढी उसंत मिळते. ती उसंत कोणी देत नाही, आपण कमावायची असते. यंत्र मागं लागलं तरी चार घावांचं अंतर हे चार घावांचंच असतं. राजेश्वरीनं खेळात ते अंतर घातलं होतं आणि तिला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

सहाव्या फडात मुकादम आला. तीन जीव शिल्लक होते. दगडाबाईनं चार घाव काढले, मोळी आवळून धरली आणि थांबली. कोंबडा आरवला. तिनं मोळी सोडली. मोळी मुकादमाच्या गॉगलवर आपटून परत आली आणि हिरवीलाच लागली, वरून यंत्र गेलं, एक जीव संपला.

कोंबडा मागं आरवला होता. आबासाहेबांच्या खिशात.

"हॅलो," आबासाहेब म्हणाले. "हां. बरं. बघू."

दुसऱ्यांदाही तसंच झालं. दगडाबाईनं वळून पाहिलं, तर मांडवाच्या खांबाआड पुतण्या कानाला मोबाईल लावून उभा होता. कडूबाई तडकली. "आबासाहेबांचा फोन बंद करा आधी."

"कामाची मानसं हाओत आमी," आबासाहेब म्हणाले. "फोन येनारच."

एकच जीव उरला. राजेश्वरीनं डोळे मिटून घेतले होते. दगडाबाईला भीती वाटली, नाही असं नाही. लेकीचं दीड वर्ष तिच्या दोन मुठींत होतं आणि कान फितूर झाले होते. क्षणभर तिला वाटलं, कशाला हा हट्ट धरला, राक्षस घातला असता तर काय बिघडलं असतं. मग तिची नजर पडद्यावर खाली गेली, यंत्राच्या पायरीपाशी, आणि तिथं तिला बूट दिसले.

फडात वाकलेल्या माणसाला मुकादमाचं तोंड कधी दिसत नाही. बूटच दिसतात. ते आपल्याकडे तोंड करून उभे आहेत की पाठ करून, एवढ्यावर बाई ओळखते की आता शिवी येणार का पाणी प्यायला वेळ मिळणार. आबासाहेबांची एक खोड होती. फोन वाजायच्या आत, नुसता खिशात थरथरला की ते पाठ फिरवायचे, कोणी ऐकू नये म्हणून. बुटांच्या टाचा दिसल्या की टोळीतली प्रत्येक बाई कंबर सरळ करायची. राजेश्वरीचं अर्धं बालपण बांधावर पाचटाच्या सावलीत गेलं होतं, तिनंही ते बूटच पाहिले होते, आणि काढताना नकळत तसेच काढले होते. पडद्यावरच्या मुकादमाचे चार ठिपक्यांचे पांढरे बूट फोन वाजायच्या आधी मागे वळत होते. इतके रविवार आईच्या हाताखाली हे चाललं होतं आणि दोघी कानानं खेळत होत्या.

"वाजू द्या फोन," दगडाबाई म्हणाली. "लई वाजू द्या."

चार घाव. मोळी आवळली, धरून ठेवली. मागे कोंबडा आरवला. तिनं सोडली नाही. पुन्हा आरवला. बूट समोरच होते, तिनं पुन्हा चार घाव काढले. मग टाचा दिसल्या. मोळी सुटली आणि मुकादमाच्या डोक्यात बसली. खांबाआडून पुतण्या सारखा फोन लावत होता, आबासाहेबांचा खिसा सारखा आरवत होता, आणि दगडाबाई जणू बहिरी झाली होती. दुसरी मोळी बसली. तिसऱ्या मोळीला यंत्र इतकं जवळ आलं की हिरवीचा रुमाल त्यात गेला. चार घाव काढायला जागाच नव्हती. तिनं तीन काढले आणि टाचा दिसताच चौथ्याच्या जागी मोळीच सोडली.

मुकादम यंत्रावरून उलटा पडला, पडद्यावरून बाहेर गेला, आणि यंत्राच्या पायरीवर पांढरे बूट तेवढे उरले. अक्षरं आली: 'मुकादम फोनवर आहेत. थोड्या वेळाने प्रयत्न करा.'

मग जो आवाज झाला त्यानं आयांच्या कडेवरची पोरं घाबरून रडू लागली. कडूबाईनं दगडाबाईला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी बन्सीच्या बरण्यांवर आदळल्या. राजेश्वरी रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "आई, हे जमतच न्हाई. आई, हे जमायलाच नव्हतं पायजे." पडद्यावर नाव घालायला तीन घरं आली होती. दगडाबाईनं मूठ फिरवून सावकाश एकेक अक्षर लावलं. द. ग. डा. नाव बरोबर तीन घरांत बसलं. त्याखाली खेळानं आपण होऊन लिहिलं, 'कोयता: १'.

आबासाहेब तोपर्यंत मांडवाकडे निघाले होते. माणूस शब्दाचा पक्का आहे असं ते स्वतःबद्दल नेहमी सांगत, आणि आज ऐकणारी शे-दीडशे माणसं त्यांच्या मागोमाग येत होती. त्यांनी माईक घेतला. "भक्तजनांना कळवन्यात येतं की, खेळाच्या इभागात दगडाबाईंनी चांगली कामगिरी केली, कमिटीतर्फे त्यांचं अभिनंदन."

दगडाबाई मांडवाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "आसं ठरलं नव्हतं."

आबासाहेबांनी घसा साफ केला. माईक जरा लांब धरून ते म्हणाले, "दगडाबाई, एक कोयता."

"तोंडाजवळ धरून."

चारही कर्ण्यांतून आवाज गेला. हायवेवरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांनी मान वर करून पाहिलं म्हणतात. "दगडाबाई, एक कोयता."

बायांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनी माईक खाली ठेवायला हात नेला, आणि दगडाबाईला वाटलं की झालं, आता घरी जावं. पण आत काहीतरी भरलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांचा शब्द, एका वेळच्या बोलण्यानं कसा फिटायचा?

"ह्यो आजचा झाला," ती म्हणाली. "मागलं अकरा हंगाम ऱ्हायलं."

"म्हंजे?"

"अकरा हंगाम तुमी मला आर्धी म्हनलात. ते समदे म्हना. मी मोजते."

आबासाहेबांनी चार माणसांकडे पाहिलं, चारही माणसं मांडवाची झालर बघत होती. आणि त्याच वेळी त्यांच्या खिशात काहीतरी थरथरलं. सवयीनं त्यांनी पाठ फिरवली. कोंबडा नंतर आरवला. सगळी जत्रा त्यांच्या बुटांच्या टाचांकडे बघत होती, आणि पहिल्यांदा कडूबाईला, मग तिच्या शेजारणीला, मग सगळ्यांनाच ते दिसलं आणि हसू फुटलं.

दगडाबाई हसली नाही. "घ्या फोन निवांत," ती म्हणाली. "मी हाय हितंच हुबी."

कोंबडा अर्ध्यातच थांबला. पांढरे बूट सावकाश पुन्हा तिच्याकडे वळले, आणि कर्ण्यातून तिचं नाव आलं.